झाडं पाहून जमीन ओळखा: कॅनडाच्या जंगलात शेतकरी घडवणारी पुस्तकं

1832 साली ब्रिटन आणि आयर्लंडमधून निघालेली पन्नास हजारांवर माणसं क्वेबेकच्या धक्क्यावर उतरली. विणकर होते, बुडीत गेलेले दुकानदार होते, आयर्लंडमधली कुळं होती, आणि नेपोलियनशी लढाया संपल्यावर सरकारनं अर्ध्या पगारावर घरी बसवलेले लष्करी अधिकारीही होते. यांतल्या पुष्कळांनी जन्मात कधी कुऱ्हाड धरली नव्हती. आता त्यांना अप्पर कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओच्या दक्षिण भागात, शेती करायची होती. शेत मात्र अजून तयारच झालेलं नव्हतं. होतं ते जंगल, साधारण शंभर एकरांचा एकेक तुकडा, आणि त्यात उभी असलेली दोनदोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं.

अशा माणसाच्या हातात ठेवायला पुस्तकांचा एक वेगळाच प्रकार जन्माला आला. कुठल्या जहाजानं जावं, सोबत काय न्यावं, जमीन कशी पारखावी, पहिलं पीक कोणतं घ्यावं, पाव कसा करावा, ताप आला तर काय द्यावं, असं सगळं सांगणारी ही मार्गदर्शकं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पुढे केनिया. इंग्रज जिथे जिथे जमीन कसायला गेले तिथे तिथे ती निघाली. मी इथे कॅनडाचंच उदाहरण घेतो, कारण तिथे एकाच घरातल्या तीन भावंडांनी या विषयावर लिहिलं आणि तिघांचा सूर वेगळा लागला. माझं मत आधीच सांगतो: ही पुस्तकं बारीकसारीक गोष्टींत कमालीची खरी आहेत. सगळ्यात मोठ्या प्रश्नावर मात्र ती गप्प बसतात.

सुरुवात पैशापासून करू. 1826 साली लंडनमध्ये कॅनडा कंपनीला सनद मिळाली. या कंपनीनं सरकारकडून प्रचंड जमीन घेतली. त्यात हुरॉन सरोवराकाठचा सुमारे दहा लाख एकरांचा एकच सलग पट्टा होता. घेतलेली जमीन विकायची तर गिऱ्हाईक समुद्रापलीकडून आणायला हवं. मग कंपनीचा एजंट विल्यम कॅटरमोल इंग्लंडच्या गावागावांत व्याख्यानं देत फिरला आणि 1831 मध्ये स्थलांतराचे फायदे सांगणारं पुस्तकही त्यानं काढलं. आपल्याकडे एनए प्लॉटचं माहितीपत्रक वाचलेल्या कुणालाही त्याची भाषा ओळखीची वाटेल. गहू किती पिकतो हे लिहिलेलं, एकराचा भाव लिहिलेला. तो गहू पेरण्याआधी मध्ये किती वर्षं जातात, हे मात्र वाचकानंच शोधायचं.

कंपनीच्याच पदरी असलेला विल्यम डनलॉप हा त्यातल्या त्यात मजेदार माणूस. पेशानं लष्करी सर्जन. कंपनीत येण्याआधी तो बंगालमध्ये होता आणि हुगळीच्या मुखाजवळच्या सागर बेटावरचे वाघ हटवून ते वसवण्याच्या खटपटीत सामील झाला होता. वाघ हटले नाहीत, पण ‘टायगर’ हे टोपणनाव त्याला जन्मभर चिकटलं. 1832 साली ‘बॅकवुड्समन’ या टोपणनावानं त्यानं स्थलांतरितांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात वाटेवरच्या खानावळींची टिंगल म्हणून मांस शिजवण्याची एक ‘पाककृती’ दिली आहे: तुकडा पातळ कापा, पाण्याच्या टबात चांगला धुवा, आणि भांडी पुसायच्या फडक्यासारखा अधूनमधून पिळत राहा. विकणाऱ्याचंच पुस्तक, पण निदान जेवणाबद्दल त्यानं कुणाला फसवलं नाही.

आता ती मधली वर्षं. ती समजल्याशिवाय या पुस्तकांतला अर्धा मजकूर कळत नाही.

शंभर एकर जंगल मिळालेल्या कुटुंबानं जिवापाड मेहनत केली तरी वर्षाला चार-पाच एकर मोकळे झाले तर डोक्यावरून पाणी. बहुतेकांचे त्याहून कमीच होत. झाड तोडायचं, फांद्या छाटायच्या, ओंडके ओढून ढीग रचायचे आणि जाळायचे. ओंडक्यांचं काम एका घराला झेपत नाही, म्हणून शेजारपाजारचे दहा-वीस जण बैल घेऊन येत आणि दिवसभर राबत. यजमानानं जेवण आणि व्हिस्की पुरवायची, आणि पुढे ज्याच्या त्याच्या पाळीला आपणही जायचं. मराठी शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आपली इर्जिक ती हीच. फरक इतकाच की या इर्जिकीत दारू इतकी वाहायची की अपघात आणि मारामाऱ्या ठरलेल्या असत, आणि मार्गदर्शक पुस्तकं त्याबद्दल पुन्हा पुन्हा बजावतात.

एवढं करून खुंट तसेच राहत. ते कुजायला सात-आठ वर्षं, काही झाडांचे त्याहून जास्त. खुंटांच्या जाळ्यात नांगर चालत नाही. म्हणून पहिली काही वर्षं गहू खुंटांच्या मधून हातानं फेकायचा आणि वरून जडसा दाताळा ओढून माती सारखी करायची. मका आणि बटाटा कुदळीनं लावायचा. इंग्लंडमधून हौसेनं आणलेला लोखंडी नांगर गोठ्यात पडून राही. म्हणूनच जाणत्या लेखकांचा सल्ला असा की अवजारांचं ओझं आणू नका, पैसे आणा; इथली कुऱ्हाड तिकडच्या कुऱ्हाडीपेक्षा चांगली असते.

मग पहिल्या वर्षी हातात पैसा कुठून? राखेतून. जळालेल्या झाडांची राख लाकडी पिंपात भरायची, वरून पाणी सोडायचं, खालून झिरपलेलं तपकिरी, झोंबरं पाणी मोठ्या लोखंडी कढईत आटवायचं. तळाला जो क्षार उरतो तो पोटॅश. काच, साबण आणि कापड धुण्या-रंगवण्यासाठी ब्रिटनमध्ये त्याला मागणी होती. म्हणजे या ‘शेतकऱ्यां’चं पहिलं नगदी पीक त्यांनी पेरलेलं नव्हतंच. ते शेकडो वर्षांचं जंगल होतं आणि एकदाच काढता येणारं होतं.

जमीन पारखण्याचा नियम तर फार चलाख होता. मातीचं परीक्षण करायला कुणी नाही, खणून बघायला वेळ नाही, तेव्हा वर पाहा. मेपल, बीच, एल्म, बासवुड अशी रुंद पानांची झाडं मिसळून वाढली असतील तर खाली माती कसदार. पाइन माजला असेल तर वाळवट. सीडर आणि टॅमरॅक दिसले की पाणथळ, तिथे पाऊल ठेवू नका. बहुतेक पुस्तकांत हे कोष्टक थोड्याफार फरकानं सापडतं. ते बऱ्यापैकी बरोबरही आहे, कारण झाडं ओलावा आणि मातीचा पोत पाहूनच वाढतात. पण उत्तम मेपलच्या खाली वीतभर माती आणि मग सरळ खडक, असाही प्रदेश ओंटारिओत भरपूर आहे. झाडाला खडकाच्या फटीत मुळं घालून शंभर वर्षं थांबता येतं. गव्हाला तसं थांबता येत नाही. या नियमावर विसंबून उत्तरेकडे सरकलेल्या अनेकांनी पुढे ती शेतं सोडून दिली.

इथे भावंडांची गोष्ट येते. इंग्लंडच्या सफक परगण्यातलं स्ट्रिकलंड घराणं. वडील वारल्यावर पैसा आटला आणि मुलींनी लिहून कमवायला सुरुवात केली. सॅम्युएल हा भाऊ 1825 मध्ये कॅनडाला गेला, काही वर्षं कॅनडा कंपनीत काम करून जंगलाची विद्या शिकला आणि पीटरबरोच्या उत्तरेला, आजच्या लेकफील्डजवळ, स्थिरावला. 1832 मध्ये कॅथरिन आणि सुझाना या बहिणी आपापल्या नवऱ्यांबरोबर आल्या. दोघींचे नवरे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांकडचे, दोघे अर्ध्या पगाराचे अधिकारी, आणि शेतीच्या दृष्टीनं दोघे सारखेच निरुपयोगी. कॅथरिनला माँट्रिअलमध्ये उतरताच कॉलरानं गाठलं. ती वाचली हेच नवल.

कॅथरिन पार ट्रेलची गंमत अशी की तिनं कॅनडावर पहिलं पुस्तक लिहिलं ते कॅनडा पाहण्याआधी. 1826 साली, ओळखीच्या कुटुंबानं तिकडून पाठवलेल्या पत्रांच्या आधारे, मुलांसाठी ‘द यंग एमिग्रंट्स’ हे पुस्तक तिनं इंग्लंडमध्ये बसून लिहिलं होतं. सहा वर्षांनी ती स्वतः त्या पुस्तकात राहायला गेली. 1836 मध्ये पत्ररूपात ‘द बॅकवुड्स ऑफ कॅनडा’ आलं. पण आपल्या विषयाचं खरं पुस्तक 1854 साली टोरांटोत छापलं गेलं: ‘द फीमेल एमिग्रंट्स गाइड’. पुढच्या वर्षी ते ‘द कॅनेडियन सेटलर्स गाइड’ या नावानं निघालं. पुरुषांसाठी ढिगानं मार्गदर्शकं आहेत, पण घर जिला चालवायचं तिला कुणी काहीच सांगत नाही, ही तिची साधी तक्रार होती.

हे पुस्तक वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यात ‘पाव कसा करावा’ हे पानंच्या पानं चालतं. आधी वाटतं, एवढं काय त्यात? मग कळतं की प्रश्न पिठाचा नव्हताच, यीस्टचा होता. इंग्लंडमध्ये यीस्ट बिअर बनवणाऱ्याकडून मिळे. जंगलात तसा कुणी नाही, म्हणून हॉपचा वेल स्वतः लावायचा, त्याची फुलं उकळून, पीठ कालवून आंबवण घालायचं, आणि त्यातलं थोडं पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायचं. हिवाळ्यात ते गोठलं तर मेलं. मग शेजारणीकडे, म्हणजे बर्फातून मैलभर, वाटीभर विरजण मागायला जावं लागे. म्हणून हॉप नसेल तर कोंड्याचं आंबवण, तेही नसेल तर मीठ आणि कोमट पाण्याचं, आणि काहीच साधलं नाही तर राखेपासून बनलेला शुद्ध क्षार घालून फुगवलेला पाव, असे एकाखाली एक पर्याय ती देते. कापणीच्या वेळी पाऊस झाला की गव्हाला मोड येतात आणि त्याचा पाव गिच्च होतो. त्यावर काय करायचं हेही आहे. भट्टी नसते, तेव्हा झाकणाच्या लोखंडी भांड्यात वर-खाली निखारे ठेवून भाजायचं.

याच बारकाईनं बाकी सगळं. साखर महाग, म्हणून मेपलचा रस. रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं असे मार्चचे काही आठवडेच तो वाहतो; जवळजवळ चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर पाक मिळतो. कॉफी परवडत नाही, तर डँडेलियन या रानफुलाची मुळं भाजून दळा. चरबीच्या मेणबत्त्या, राखेच्या पाण्यापासून साबण, सफरचंदांच्या फोडी दोऱ्यात ओवून वाळवणं, आणि शेवटी कोणत्या महिन्यात काय अपेक्षा ठेवावी याचं बारमाही वर्णन. कबुतराच्या पाककृतीही आहेत. ही प्रवासी कबुतरं तेव्हा आभाळ झाकून टाकणाऱ्या थव्यांनी येत. 1914 साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्यांतलं शेवटचं मेलं. ज्या पदार्थाचा मुख्य जिन्नस पृथ्वीवरून संपला आहे, अशी कृती मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

हिवतापाचा भाग वाचताना आपल्याला आश्चर्य वाटेल. कॅनडात मलेरिया? होय. 1826 ते 1832 दरम्यान रिडो कालवा खणताना शेकडो मजूर त्यानं गेले. पुस्तकं दलदलीच्या वाईट हवेला दोष देतात, सिंकोनाची साल आणि क्विनाइन सुचवतात, घर उंचावर बांधायला सांगतात. औषध बरोबर, घराची जागाही बरोबर, कारण मात्र चूक. डासाचं गुपित उलगडायला 1897 उजाडावं लागलं, आणि ते उलगडलं आपल्या सिकंदराबादेत, रोनाल्ड रॉसकडून.

आता मुख्य मुद्दा. इतकं सगळं जाणणारी ही बाई स्वतः शेतीत यशस्वी झाली का? नाही. तिच्या नवऱ्याला, थॉमस ट्रेलला, जंगल कधी मानवलं नाही. तो खिन्नतेत बुडत गेला. 1839 मध्ये त्यांनी शेत विकलं. मग राइस लेक या सरोवराच्या आसपास एका घरातून दुसऱ्या घरात असं फिरणं. नऊ मुलं झाली, त्यांतली दोन तान्हेपणीच गेली. मार्गदर्शक छापलं गेल्यावर तीन वर्षांनी, 1857 मध्ये, त्यांचं घर जळून खाक झालं. त्यानंतर दोन वर्षांनी थॉमस वारला. आगीसारख्या संकटात रडत बसू नये, उठून कामाला लागावं, असा उपदेश तिनं या मार्गदर्शकात आधीच करून ठेवला होता. तिनं तो पाळला. वनस्पतींवर पुस्तकं लिहीत ती 97 वर्षं जगली आणि 1899 मध्ये गेली.

पण हे अपयश मार्गदर्शकात कुठे आहे? कुठेच नाही. पाव का बसला ते सांगेल, शेत का बसलं ते नाही. ते काम धाकट्या बहिणीनं केलं. सुझाना मूडीनं 1852 मध्ये ‘रफिंग इट इन द बुश’ लिहिलं आणि त्यात एजंटांवर, व्याख्यानांवर, खोट्या माहितीपत्रकांवर सरळ आग पाखडली. सभ्य घरातल्या, हातानं काम न केलेल्या माणसांनी जंगलात येऊच नये, असा तिचा निष्कर्ष. तीही 1840 मध्ये शेत सोडून बेलव्हिल गावात राहायला गेली होती, नवऱ्याला तिथे सरकारी नोकरी मिळाल्यावर. लंडनमधली मोठी बहीण अ‍ॅग्नेस, राण्यांची चरित्रं लिहून नावारूपाला आलेली, या पुस्तकानं फार नाराज झाली. पुढच्याच वर्षी सॅम्युएलचं ‘ट्वेंटी सेव्हन इयर्स इन कॅनडा वेस्ट’ आलं, अ‍ॅग्नेसनं संपादित केलेलं. त्यात जंगल हे कष्टाळू माणसासाठी सोन्याची खाण आहे. सॅम्युएलच्या बाबतीत ते खोटं नव्हतं. तो खरोखर यशस्वी झाला, आणि इतका की इंग्लंडमधल्या सभ्य घरांतली मुलं फी देऊन त्याच्याकडे शेतीची उमेदवारी करायला येत.

तिघांचं शेत एकाच नदीकाठच्या जंगलात. मला वाटतं तिघेही आपापल्या जागी खरं लिहीत होते. सॅम्युएल तरुण आणि एकटा आला, आधी पगारावर शिकला. बहिणी थेट संसार घेऊन उतरल्या, हाताशी तुटपुंजी पुंजी आणि मजूर लावून शेती करायची सवय. मजूर मात्र तिथे महाग होता, कारण ज्याला मजुरी करता येते तो चार वर्षांत स्वतःची जमीन घेतो. ही एक ओळ कॅटरमोलनं ठळक छापली असती तर कितीतरी अधिकारी घरीच राहिले असते.

आणि ती जमीन रिकामी होती का? 5 नोव्हेंबर 1818 रोजी तिथले मूळ रहिवासी असलेल्या मिसिसॉगा लोकांच्या प्रमुखांनी केलेल्या करारानं राइस लेकच्या परिसरातली सुमारे साडेएकोणीस लाख एकर जमीन इंग्रज सरकारकडे गेली. मोबदला वर्षाला 740 पौंडांचा माल. चौदा वर्षांनी ट्रेल दांपत्य तिथे उतरलं. आज टोरांटोशेजारच्या मिसिसॉगा शहरात कितीतरी मराठी घरं आहेत. त्या शहराचं नाव याच लोकांवरून पडलेलं.

कॅथरिनला हे लोक दिसत नव्हते असं नाही. त्यांच्या बायकांशी तिची चांगली ओळख होती, ती त्यांच्याकडून टोपल्या, मासे, हरणाचं मांस घेई. ‘इंडियन राइस’ म्हणजे सरोवरात उगवणारं एक जलगवत, आपल्या भातापेक्षा वेगळं. मिसिसॉगा ज्यांच्यात मोडतात त्या अनिशिनाबे लोकांच्या भाषेत त्याला मनोमिन म्हणतात. बायका होडीतून जाऊन काठीनं लोंब्या वाकवतात, दाणे होडीत झोडून पाडतात, मग मंद आचेवर भाजतात, हे सगळं तिनं नीट पाहून लिहिलं आणि शिजवायची रीतही दिली. मेपलचा रसही मुळात त्यांचीच विद्या. म्हणजे मार्गदर्शकातल्या कितीतरी उपयुक्त गोष्टी त्याच लोकांकडून आल्या होत्या, ज्यांना बाजूला सारून हे शेत तयार होत होतं. पुस्तक रीत उचलतं, जमिनीचा प्रश्न उचलत नाही. मी याला ढोंग म्हणणार नाही. पाव कसा फुगवावा हे विचारणाऱ्या बाईला तू इथे का आलीस असं विचारणारं मार्गदर्शक कोण छापणार?

पुढची पिढी पश्चिमेच्या गवताळ मैदानांची. 1872 च्या कायद्यानं दहा डॉलर शुल्कात 160 एकर. अट एवढीच की तीन वर्षं राहून कसायचं. आता पुस्तकं लिहिणारं सरकारी खातं होतं. 1896 ते 1905 या काळात मंत्री क्लिफर्ड सिफ्टननं अनेक युरोपीय भाषांत रंगीत पुस्तिकांचा पूर आणला. त्यांतल्या चित्रांत ऊन आणि गव्हाच्या पेंढ्या, बर्फ जवळपास गायब. मैदानाचा दक्षिण भाग शेतीला फार कोरडा आहे असं कॅप्टन पॅलिझरनं 1857 ते 1860 च्या पाहणीत सांगितलं होतं. पण नंतर तिथे फिरलेल्या जॉन मॅकूनला ओली वर्षं लागली आणि त्यानं ते सुपीक ठरवलं. पुस्तिकांनी कुणाचं ऐकलं हे सांगायला नको. 1930 च्या दशकात तीच माती उडून गेली.

या पुस्तिका पंजाबीत मात्र निघाल्या नाहीत. पंजाबी तर हाडाचे शेतकरी, तेही ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. पण 1908 मध्ये कॅनडानं नियम केला की मायदेशातून कुठेही न थांबता थेट आलेल्यालाच उतरू देऊ. भारतातून अशी थेट बोट नव्हतीच. 1914 साली 376 प्रवाशांची कोमागाटा मारू व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवली आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना परत पाठवलं. तीनेक वर्षं कसली की 160 एकर, हे वचन कुणासाठी होतं ते पुस्तिकेच्या भाषेवरूनच ठरत होतं.

राइस लेकच्या लोकांचा वाद मात्र संपला नव्हता. 1923 मध्ये त्यांच्याकडून आणखी एक करार करून घेतला गेला आणि शिकार-मासेमारीचे हक्कही गेले. 2018 मध्ये कॅनडा आणि ओंटारिओ सरकारांनी त्याबद्दल माफी मागितली, हक्क मान्य केले आणि सात समुदायांना मिळून सुमारे 1.1 अब्ज डॉलर भरपाई दिली. दरम्यान, या भागातल्या ट्रेंट-सेव्हर्न कालव्यासाठी बांधलेल्या धरणांनी पाणी चढलं आणि मनोमिनची कितीतरी शेतं बुडाली होती. जवळच्या पिजन लेक सरोवरात कर्व्ह लेक या मिसिसॉगा समुदायाच्या लोकांनी ते पुन्हा पेरायला घेतलं. तेव्हा काठावर बंगले असलेल्यांची तक्रार आली की या गवतानं बोटी अडकतात, पोहता येत नाही. 2015 साली सरकारी परवानगीनं ते उपटायला सुरुवातही झाली. विरोध झाल्यावर काम थांबलं, पण वाद अजून चालूच आहे.